शिंदखेड्यात उणे ४०!

बाहेर ४३ अंश. मे महिन्याचा दुसरा आठवडा, बुराई नदीचं पात्र कोरडं ठाक, आणि गॅरेजच्या पत्र्याखाली उभ्या असलेल्या जिभाऊंच्या ट्रकाला लावलेला स्कॅनर छातीठोकपणे सांगतोय की इंजिनातल्या पाण्याचं तापमान उणे ४० आहे.

"बरफ व्हयी गया का पानीना?" जिभाऊंनी विचारलं.

"बरफ नही जिभाऊ. सेन्सरना निरोप येत नही," मिस्त्री म्हणाला.

गंमत अशी की सेन्सर कोरा करकरीत होता. कुणीतरी सांगितलं म्हणून जिभाऊंनी आठवड्यापूर्वीच नवा आणून बसवला होता. गाडी अजूनही डिझेल पीत होती, पंखा विनाकारण गरगरत होता आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझायला तयार नव्हता. मिस्त्री तार शोधत होता, तेवढ्या वेळात आपण थोडं फिरून येऊ. ट्रकच्या सेन्सरांच्या दुनियेत वाटतो त्यापेक्षा जास्त मसाला आहे, आणि तो दोंडाईच्याच्या मिरचीपर्यंत जाऊन पोचतो.

उणे ४०च का? उणे ३८ का नाही?

हा आकडा हवामानातून येत नाही, हिशेबातून येतो. गाडीचा संगणक स्कॅनरला तापमान कळवतो ते एका बाइटमध्ये, म्हणजे ० ते २५५ यांपैकी एका आकड्यात. त्यातून ४० वजा करायचे, हा ठरलेला नियम. उणे अंश दाखवण्यासाठी वेगळी सोय करण्यापेक्षा हा मार्ग सोपा पडला. त्यामुळे कमीत कमी दिसू शकतं उणे ४० आणि जास्तीत जास्त २१५. स्कॅनरवर उणे ४० दिसलं की समजायचं, संगणकाने शून्य कळवलंय. तार तुटलीय, तारेला सेन्सरशी जोडणारा कपलर निसटलाय किंवा सेन्सर आतून मेलाय. काही गाड्यांचे संगणक मात्र लाज झाकतात आणि खोटा का होईना, बरा दिसणारा आकडा दाखवतात.

जाता जाता, उणे ४० हा एकच आकडा असा आहे जिथे सेल्सिअस आणि फॅरनहाइट यांचं एकमत होतं.

उणे ४०चा खुलासा कळला की एक फुकटची चाचणी हाती येते. सेन्सरचा कपलर काढा, आकडा उणे ४० व्हायला हवा. मग कपलरच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडा, आकडा एकदम वर उडायला हवा. दोन्ही झालं तर तार आणि संगणक ठणठणीत, दोष सेन्सरचा. पिना जोडूनही आकडा ढिम्म हलत नसेल, तर नवा सेन्सर आणून उपयोग नाही. जिभाऊंनी नेमकं हेच आधी केलं नव्हतं.

१८३३ हे वर्ष लक्षात ठेवा

तापमानाचा सेन्सर म्हणजे पितळी टोपणात बसवलेला एक चिमुकला तुकडा. धातूची तार तापली की तिचा विजेला होणारा विरोध वाढतो. या तुकड्याचं उलटं. तो जितका तापतो तितकी वीज सुखाने जाऊ देतो. ही उलटी खोड पहिल्यांदा टिपली मायकेल फॅरडेने, १८३३ साली, सिल्व्हर सल्फाइड तापवताना. त्याच १८३३ साली सॅम्युअल हंटर ख्रिस्ती नावाच्या गणितज्ञाने चार विरोधांचा एक चौकोन मांडला. दहा वर्षांनी चार्ल्स व्हीटस्टनने तो लोकप्रिय केला आणि नावही त्याचंच लागलं: व्हीटस्टन ब्रिज. दहावी-बारावीच्या प्रयोगवहीत ज्याने छळलं तोच. आज तो इंजिनाच्या प्रेशर सेन्सरच्या पोटात बसून डिझेलचा दाब मोजतोय.

म्हणजे खानदेशात मालवाहतूक बैलांच्या जिवावर चालायची, तेव्हा लंडनमध्ये एकाच वर्षी जिभाऊंच्या ट्रकाचे दोन सेन्सर कागदावर तयार झाले होते. चाकाचे फेरे मोजणाऱ्या सेन्सरचा शोध १८७९चा, एडविन हॉल नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याचा. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराची उष्णता मोजणारा त्याहून जुना, झीबेकचा, १८२१चा. "आजकालची इलेक्ट्रॉनिक फॅडं" म्हणून नाक मुरडणाऱ्यांना हे ऐकवायला हरकत नाही. डिझेल इंजिन स्वतःच या सगळ्यांपेक्षा धाकटं आहे.

उकळत्या पाण्यातली परीक्षा

सेन्सर काढून मल्टिमीटर लावा. बऱ्याच गाड्यांच्या पाण्याच्या सेन्सरचा विरोध २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास असतो, ४० अंशांना हजार-बाराशे, ८० अंशांना तीनशेच्या घरात. चहाच्या टपरीवरून उकळतं पाणी आणायचं, सेन्सरचं टोक त्यात बुडवायचं आणि आकडा सरसर उतरताना बघायचा. मध्येच आकडा अडखळला, उडाला, की सेन्सर बाद. चहात बुडवू नये. सेन्सरला काही होत नाही, चहा वाया जातो.

वीज नको, ढकला म्हणजे झालं

पूर्वीचे ट्रकवाले आजही उसासे टाकतात ते उगाच नाही. जुन्या डिझेल इंजिनाला चालू राहायला विजेची गरजच नव्हती. पंप यांत्रिक, नोझल दाबाने उघडणारी, बंद करायला ओढायची केबल. बॅटरी बसली तर चार माणसांनी ढकलायचं, गिअर टाकायचा, गाडी धडधडत निघाली. १९८६ साली पुण्यात टाटा ४०७ आला तेव्हा ड्रायव्हरपुढे ऑइलचा दाब, पाण्याचं तापमान आणि टाकीतलं डिझेल एवढीच खबर असायची. तेवढी पुरायची.

योगायोग असा, की त्याच १९८६च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये बॉशने 'कॅन' नावाची पद्धत जगापुढे मांडली. एकमेकींना पीळ घातलेल्या दोन तारा, आणि त्यांवरून गाडीतले सगळे संगणक आपसात बोलणार. पुण्यात साधेपणाचा राजा जन्मला आणि तिकडे त्याच वर्षी त्याचं राज्य संपवणाऱ्या तारेचा जन्म झाला.

आणखी एक. पंपाऐवजी संगणकाच्या हुकमावर डिझेल फवारणारी कॉमन रेल पद्धत आधी कारमध्ये आली असं सगळे समजतात. ती विक्रीच्या गाडीत आधी आली ट्रकमध्ये: १९९५, जपानमधली हिनो. इटलीची पहिली कार दोन वर्षं मागे होती. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, आणि गावोगावच्या मिस्त्रींना पान्याच्या जोडीला स्कॅनर घ्यावा लागला.

तुमच्या ट्रकचं नाव तुम्हाला वाचता येतं का?

टाटांच्या ट्रकावरचं १६१३ म्हणजे साधारण १६ टन आणि १३० अश्वशक्ती. १२१० म्हणजे १२ टन आणि १००. नावाची ही तऱ्हा मर्सिडीजकडून आलेली, १९५४ ते १९६९ या काळात टाटांचं त्यांच्याशी सहकार्य होतं तेव्हाची.

साडेचार व्होल्टांचं कुंपण

मोठ्या ट्रकला बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या, म्हणजे २४ व्होल्ट. पण बहुतेक सेन्सरांना संगणक देतो फक्त ५. मिस्त्रीकडचा बल्बवाला टेस्टर या तारेला लावायचा नाही. तो २४ व्होल्टांच्या मर्दानी तारांसाठी. इथे मल्टिमीटरच. चार-पाचशे रुपयांचा साधा मल्टिमीटर आणि वीस हजारांचा स्कॅनर यांतलं एकच घ्या म्हटलं, तर मी डोळे मिटून पहिला उचलीन.

आता यातली हुशारी बघा. ५ व्होल्ट मिळत असूनही चांगला प्रेशर सेन्सर उत्तर देतो ते अर्धा ते साडेचार व्होल्टांच्या आतच. दोन्ही टोकांना अर्ध्या-अर्ध्या व्होल्टाचा बांध मुद्दाम मोकळा सोडलेला. कारण तार तुटली किंवा कुठे चिकटली की आकडा थेट शून्याला किंवा पाचाला जाऊन भिडतो. संगणकाला कळतं, ही दाबाची खबर नाही, हे बांध ओलांडून आलेलं जनावर आहे. म्हणून बिघाड झाल्यावर स्कॅनर जो कोड दाखवतो, त्याच्या वर्णनात 'लो' किंवा 'हाय' असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ पुष्कळजण "दाब कमी" किंवा "दाब जास्त" असा लावतात. तो बहुतेक वेळा तारेवरचा व्होल्टेज असतो. या एका गैरसमजापायी किती चांगले पंप उघडले गेले असतील, देव जाणे.

आणि सगळ्यात चकवणारं दुखणं: ही ५ व्होल्टांची तार अनेकदा तीन-चार सेन्सरांमध्ये सामाईक असते. सामाईक विहिरीसारखी. एकाने मोटर लावून उपसली की बाकीच्यांचं वावर कोरडं. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला की पाचाचे दोन व्होल्ट होतात, आणि स्कॅनरवर एकदम चार कोड उभे राहतात: रेल प्रेशर, बूस्ट, अॅक्सिलरेटर, ऑइल. गिऱ्हाईक घाबरतं, दुकानदार खूश. उपाय सोपा आहे. ५ व्होल्टांच्या तारेला मीटर लावून ठेवायचा आणि एकेक सेन्सरचा कपलर काढत जायचं. ज्याचा कपलर काढल्यावर आकडा टुणकन पाचावर येतो, तो चोर. चार कोड, एक गुन्हेगार, बाकीचे तिघे फिर्यादी.

मिरची, उंदीर आणि नोबेल

शिंदखेडा तालुक्यात दोंडाईचा, दोंडाईच्याला मिरचीचा बाजार, पलीकडे नंदुरबारला त्याहून मोठा. हंगामात त्या भागातून जाताना काचा लावून घेतल्या तरी ठसका लागतो. त्या ठसक्याचा आणि ट्रकच्या सेन्सरचा संबंध दुहेरी आहे.

पहिला संबंध उंदरांचा. मक्याच्या, सरकीच्या गोदामाशेजारी ट्रक चार दिवस उभा राहिला की इंजिनाच्या उबेला उंदीर आलाच. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून त्याला कुरतडणं भाग असतं. भूक असो नसो. त्याला कापूस मिळाला तर कापूस, वायरिंग मिळालं तर वायरिंग. यावर होंडा कंपनीने एक चिकटपट्टी काढली. दिसायला साध्या इन्सुलेशन टेपसारखी, पण आत कॅप्सायसिन, म्हणजे मिरचीला तिखट करणारं द्रव्य. वायरवर गुंडाळा, उंदराने चावा घेतला की त्याचा लवंगी फटाका. आपल्याकडच्या ड्रायव्हरने बंपरला टांगलेली लिंबू-मिरची दोन फूट आत टांगली असती, तर पेटंट खानदेशाच्या नावावर असतं!

दुसरा संबंध जास्त रंगतदार. मिरची जिभेवर ठेवली की भाजतं, पण जीभ खरी तापते का? थर्मामीटर लावून बघा, नाही तापत. आपल्या नसांच्या टोकांना एक उष्णतेचा सेन्सर आहे, शास्त्रज्ञ त्याला टीआरपीव्ही-१ म्हणतात. तो साधारण ४३ अंशांच्या पुढे उघडतो आणि मेंदूला ओरडून सांगतो, "भाजतंय!" कॅप्सायसिन नेमकं त्याच सेन्सरला जाऊन चिकटतं आणि गार असतानाही तो उघडतं. मेंदूच्या स्कॅनरवर कोड येतो: 'तापमान हाय'. मग घाम फुटतो, नाक गळतं, थंड करायची सगळी यंत्रणा चालू होते, जसा जिभाऊंच्या ट्रकचा पंखा विनाकारण फिरत होता. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली हा सेन्सर शोधला आणि २०२१ साली त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, आर्डेम पॅटापूटियन यांच्यासोबत.

थोडक्यात, शेव-भाजीच्या वाटीने गेली कित्येक वर्षं खानदेशी माणसाचा सेन्सर रोज फसवलाय आणि त्याने सेन्सर बदलला नाही, अजून एक भाकरी मागितली.

पक्ष्यांचा हाच सेन्सर कॅप्सायसिनला दाद देत नाही. म्हणून पोपट मिरच्या कराकरा खातो, आणि बिया अख्ख्या गिळणारे पक्षी त्या लांब नेऊन टाकतात. उंदीर बिया चावून मोडतो, हे पक्षी मोडत नाहीत. मिरचीने कुणाला हाकलायचं आणि कुणाला जेवायला बोलवायचं, हे बरोबर ठरवलेलं आहे.

साठातले दोन दात पाडलेले

फ्लायव्हीलजवळ दातांचं एक चक्र असतं. बऱ्याच इंजिनांत त्यावर ६० दातांची जागा, पण दात ५८. दोन मुद्दाम पाडलेले. क्रँक सेन्सर दात मोजत बसतो आणि ती खिंड आली की संगणकाला कळतं, फेरा इथे सुरू झाला, बोळक्या तोंडावरून माणूस ओळखावा तसं. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल तर हा सेन्सर सेकंदाला एकोणीसशेहून जास्त दात मोजतो. बोळक्या तोंडावरून माणूस ओळखावा तसं.

हा सेन्सर बिघडण्याची तऱ्हा खास उन्हाळी आहे. आतल्या बारीक तारेच्या वेटोळ्याला तडा गेलेला असतो. गार असताना दोन्ही टोकं चिकटून असतात, तापलं की सुटतात. गाडी दुपारी नरडाण्याजवळ बंद पडते, अर्धा तास निंबाखाली थांबलं की काहीच न झाल्यासारखी चालू. ड्रायव्हर म्हणतो डिझेलमध्ये पाणी आहे, मालक म्हणतो ड्रायव्हरला झोप हवी होती. मिस्त्री ओला फडका घेतो, सेन्सरवर ठेवतो, मिनिटभराने चावी फिरवतो. लागली? मग ना पाणी, ना झोप. एवढी पक्की परीक्षा दवाखान्यातसुद्धा होत नाही.

नकारघंटेची भाषा

कोडचं पहिलं अक्षर 'पी' असेल तर इंजिन-गिअरबॉक्स, 'बी' बॉडी, 'सी' चासी, 'यू' म्हणजे संगणकांची आपसातली बोलचाल बंद. पुढचा आकडा ० असेल तर कोड सगळ्यांना सारखा. १ असेल तर कंपनीची घरची भाषा. पी ०३३५ क्रँक सेन्सर, पी ०११८ पाण्याच्या सेन्सरची तार 'हाय'. जिभाऊंचा हाच. मोठ्या ट्रकांची वही वेगळी असते, तिथे कोणता भाग आणि त्याला काय झालंय असे दोन आकडे जोडीने येतात. पण वही कोणतीही असो, कोड सांगतो तक्रार कुठून आली. काय बदला, हे तो सांगत नाही.

घाटात खरं बोलणारा

सुरतेकडे माल घेऊन निघालेली गाडी कोंडाईबारी घाटात दम टाकते, पिवळा दिवा लागतो, कोड येतो पी ००८७: रेलमधला, म्हणजे नोझलांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला, दाब कमी. सपाटीला आली की पुन्हा झकास. इथे रेल प्रेशर सेन्सर बदलणारे महाभाग मी पाहिलेत. अहो, तो बिचारा खरंच बोलतोय! दाब कमीच आहे, कारण डिझेल फिल्टर तुंबलाय आणि चढावर इंजिन मागतं तेवढं डिझेल पोचत नाही. दहापैकी आठ वेळा असं होतं, असा आकडा मी देणार नाही. पण फिल्टर आधी बदला, स्वस्त पडतो.

त्या रेलमध्ये दाब किती? दीड-दोन हजार बार. ट्रकच्या टायरमध्ये आठेक असतो. चालू इंजिनात गळतीवर बोट ठेवून बघू नये. ती बारीक धार कातडी फाडून आत शिरते.

सोनगीरचं जंगाल

आग्रा रोडवरचं सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेलं. भांडं कोपऱ्यात पडून राहिलं की त्यावर हिरवट थर चढतो, त्याला आपल्याकडे जंगाल म्हणतात. तेच जंगाल कपलरच्या पिनांवर चढतं. २४ व्होल्टांच्या हेडलाइटला त्याची फिकीर नसते, ५ व्होल्टांच्या निरोपाला असते. अर्धा व्होल्ट वाटेत हरवला की मजकूरच बदलला. भांड्याला चिंच चालते, पिनांना नको. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि कपलर दोन-तीनदा लावा-काढा.

याच घराण्यातला मोठा भाऊ म्हणजे अर्थिंग. जाड वेणीसारखी पट्टी इंजिनापासून चासीला जाते, तिच्या नटाखाली गंज आणि रंग. मीटरचं एक टोक बॅटरीच्या उण्याला, दुसरं इंजिनाच्या लोखंडाला, आणि स्टार्टर मारायचा. अर्ध्या व्होल्टाहून जास्त दिसलं तर सेन्सरांना दोष देणं थांबवा आणि पॉलिश पेपर आणा. खर्च दहा रुपये.

साठचा मंत्र

सगळ्या संगणकांनी एकदम मौन पाळलं तर कॅनची ती पिळाची जोडतार तपासायची. तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक विरोध असतो. बॅटरी काढून मोजलं तर दोघे मिळून ६० दिसायला हवेत. १२० दिसले तर एक टोक सुटलंय. शून्याजवळ दिसले तर तारा एकमेकींना चिकटल्यात. सोळा पिनांच्या सॉकेटात या तारा सहा आणि चौदा नंबरला सापडतात. एवढं पाठ असलेला पोरगा गॅरेजात टिकतो.

उन्हाळ्यातलं जुनं पाप

खानदेशात गाडी तापते, म्हणून मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतात. जुन्या इंजिनांना ते खपून जायचं. आता संगणक वाट बघत बसतो की इंजिन ८० अंशांवर कधी येतंय. ते येतच नाही, कारण पाणी सतत रेडिएटरातून फिरतंय. संगणकाला वाटतं सकाळची थंडी आहे, तो डिझेलचा डोस बदलत नाही. कोड येतो पी ०१२८, आणि मालक बदलतो सेन्सर. गाडी तापत असेल तर रेडिएटरच्या जाळीत अडकलेले कापसाचे पुंजके काढा. जिनिंगच्या हंगामात तिथे गादी भरेल एवढे सापडतात.

शेतातला युरिया, ट्रकमधला युरिया

दोन्हींचं नाव एक, पण सोयरीक नाही. धूर साफ करायला वेगळ्या टाकीत घालायचा तो द्राव म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजं काढलेलं पाणी. ३२.५च का? कारण याच प्रमाणाला तो सगळ्यात उशिरा गोठतो, उणे ११ अंशांना. आपल्याला गोठण्याची काळजी नाही, उलट आहे: २५ अंशांत दीड वर्ष टिकणारा द्राव ३५ अंशांत सहा महिन्यांवर येतो. पत्र्याच्या खोलीतला कॅन किती दिवस टिकेल, तुम्हीच हिशेब करा.

खताच्या गोणीतला युरिया बादलीत विरघळवून टाकायचा मोह गावात होतोच. २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या युरियाला निंबाच्या तेलाचं आवरण सक्तीचं झालं. ते पिकाला चांगलं, ट्रकच्या धूर साफ करणाऱ्या जाळीला विष. आधी सेन्सर बोंबलतो, मग नोझल चोंदते, मग जाळी जाते. त्या जाळीच्या किमतीत युरियाच्या किती गोण्या येतील हे लिहवत नाही.

न जन्मलेला १.५

मोबाइलला जोडायचे छोटे निळे स्कॅनर सगळीकडे मिळतात. आत ईएलएम-३२७ ही चिप, मूळची कॅनडातल्या एका कंपनीची. पहिल्या आवृत्तीला नकलेपासून संरक्षण नव्हतं, मग नकलांचं पीक आलं. यांतले पुष्कळ स्कॅनर स्वतःला 'आवृत्ती १.५' म्हणवतात. मूळ कंपनीने १.५ कधी काढलीच नाही! कंपनी २०२२ साली बंद झाली, नकला जोमात आहेत. पिकअपला चालून जातात. २४ व्होल्टांच्या ट्रकला लावण्याआधी मात्र खोक्यावर २४ लिहिलंय का ते बघा.

जुना ट्रक घेताय?

चावी अर्धी फिरवा, इंजिन लावू नका. पिवळा दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर गाडी निरोगी नाही, दिव्याचा बल्ब काढलेला आहे किंवा आतून काळी टेप मारलीय. आणि मालकाने "आत्ताच बॅटरी बदलली" असं सांगितलं, तर कोड कालच पुसलेत असं समजून शंभर किलोमीटर चालवून मगच बोला.

तर, जिभाऊंचा ट्रक

दीड तासाने मिस्त्रीने हाक मारली. सापडलं होतं. कपलरच्या आत दोन पिना, त्यांतली एक मागे सरकलेली. बाहेरून कपलर घट्ट, टक् आवाज करून बसलेला. आत पिन पिनेला शिवतच नव्हती. जुना सेन्सर काढून नवा बसवताना कपलर जोरात दाबला, तेव्हा ढिली असलेली पिन आणखी मागे गेली असणार. मिस्त्रीने मोबाइलच्या उजेडात दाखवलं तेव्हा जिभाऊ चष्मा वर करून बराच वेळ आत बघत होते.

वाकवलेल्या सेफ्टी पिनेने पिन पुढे ओढली, तिची जीभ उचलून बसवली. दोन मिनिटं. मग जुना सेन्सर उकळत्या पाण्याच्या पेल्यात घातला: आकडा सरसर उतरला, कुठे अडखळला नाही. तोही चांगलाच होता.

"आते हाऊ नवा परत दी देऊ का?" जिभाऊंनी विचारलं.

"इलेक्ट्रिकना माल कोनी परत लेत नही जिभाऊ."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम गेलो. रात्रभर उभ्या राहिलेल्या इंजिनाचं पाणी आणि आत येणारी हवा, दोन्हींचे सेन्सर सारखंच बोलले पाहिजेत, बाहेर जेवढं तेवढं. ही सगळ्यात स्वस्त तपासणी, फक्त उठावं लागतं. स्कॅनर लावला. पाणी २९, हवा २९. जिभाऊंनी जुना सेन्सर वर्तमानपत्रात गुंडाळून केबिनच्या खणात ठेवला, खण दोनदा उघडून परत बघितला, आणि गाडी मक्याला दोंडाईच्याकडे काढली.